मामांचा शब्द लहान पडला

खंडेनवमीला अंबडच्या एका कारखान्यात जर्मनीहून आलेल्या मशीनवर नारळ फुटला, आणि तिकडे दीपकचं ठरलेलं लग्न मोडायला आलं. नारळाचा आणि लग्नाचा काय संबंध, असं कुणीही विचारेल. दीपकनेही विचारलं होतं. स्वतःलाच, आणि बऱ्याच वेळा.

दीपक त्या कारखान्यात एचआरला होता. एचआर म्हणजे काय, हे त्याला आईला अजून नीट समजावता आलेलं नव्हतं. ती शेजारणींना सांगायची, "तो तिथं सगळ्यांचं ऐकून घेतो." तसं ते खरंच होतं. रजा, भांडणं, कॅन्टीनच्या वरणातलं पाणी, बसमधली खिडकीची जागा, सगळं त्याच्याच टेबलावर यायचं.

नव्या मशीनबद्दल पुण्याच्या हेड ऑफिसने मेल पाठवून बजावलं होतं: पूजा खुशाल करा, पण मशीनला हात लावू नका, नारळ गेटबाहेर फोडा. दीपकने तो मेल शॉपवर, म्हणजे मशीनं चालतात त्या दालनात, सगळ्यांना वाचून दाखवला. सगळ्यांनी माना डोलावल्या. बहिरूमामांनी तर सगळ्यांत जोरात.

हे बहिरूमामा म्हणजे मेंटेनन्सचे फिटर, मूळचे वणीचे. आणि दीपकच्या होणाऱ्या बायकोचे, उज्वलाचे, सख्खे मामा. स्थळ त्यांनीच आणलेलं. कॅन्टीनमध्ये दीपकला ताटात काही न टाकता जेवताना पाहिलं आणि त्याच संध्याकाळी बहिणीला, लंकाबाईला, फोन लावला: "पोरगा ताट पुसून खातो. आपल्या उज्वलाला चालंल." तुळशीचं लग्न उरकलं की दिंडोरी रोडच्या लॉन्सवर यांचं, असं ठरूनही गेलं.

तर खंडेनवमीला मामा नारळ घेऊन मशीनपुढे उभे राहिले. सोबत सहादूकाका. हे दीपकचे चुलते, सिन्नरकडचे, त्याच मशीनवर ऑपरेटर. काकांनी मशीनच्या काचेच्या डोळ्याला हळद-कुंकू लावलं, नाकावरून झेंडूची माळ सोडली.

"मामा, गेटबाहेर फोडायचाय," कुणीतरी आठवण करून दिली.

"नवी सून घरी आली," मामा म्हणाले, "तर माप कुठं ठेवत्यात? उंबऱ्यावर का गावाच्या वेशीवर?"

नारळ मशीनच्या बरोब्बर नाकावर फुटला. चांगला पाणीदार निघाला. मशीनने एक लांब शिट्टी मारली, लाल दिवा लावला आणि डोळा मिटला.

"परसन्न झाली," काका हात जोडून म्हणाले.

पुण्याला मात्र कुणी प्रसन्न झालं नाही. तिथे यशोधन सर होते, एचआरचे सगळ्यांत मोठे साहेब. माणूस वाईट नव्हता, फक्त त्यांना इंग्रजी शब्दांचा नाद होता, जसा एखाद्याला कबुतरांचा असतो. आणि त्यातही वाईट वागण्याच्या शब्दांचा. माणसं कुठे चुकतात यापेक्षा त्या चुकीला नेमकं काय म्हणायचं, याची त्यांना जास्त काळजी. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे ऐन दसऱ्याला, त्यांचा फोन आला.

"दीपक, सगळ्याला मिसबिहेवियर म्हणून मोकळं व्हायचं नाही. तो आळस झाला. हे बघ, माणूस बारशाला मोठ्याने हसला तर ठीक. तोच दहाव्याला हसला तर इनअप्रोप्रिएट. म्हणजे गोष्ट वाईट नाही, जागा नि वेळ चुकली. इम्प्रॉपर म्हणजे रीत मोडली, नियम मोडला. अनबिकमिंग म्हणजे तुमच्या पदाला ते शोभत नाही. इनडीसेंट म्हणजे लाजच सोडली. आणि ग्रॉस मिसकंडक्ट..." इथे सरांनी आवाज खाली आणला. "ग्रॉस मिसकंडक्ट म्हणजे घरी."

कंपनीच्या नियमावलीत सरांनी या शब्दांची शिडीच करून ठेवली होती. पहिल्या शब्दाला नुसती समज, दुसऱ्याला लेखी ताकीद, तिसऱ्याला पगारवाढ बंद, चौथ्याला सस्पेन्शन आणि शेवटच्याला रामराम. "तू जागेवर आहेस," सर म्हणाले, "दोघांना काय बसतं ते तूच ठरव. पण मोजून-मापून. औषध देतात तसं."

दीपकने रात्रभर मोजलं, मापलं. सासरचा माणूस सांभाळायला हवा, म्हणून मामांना सगळ्यांत हलका शब्द दिला, इनअप्रोप्रिएट. स्वतःच्या चुलत्याला एक पायरी वरचा, इम्प्रॉपर. उद्या कुणी म्हणायला नको की एचआरने घरचा माणूस वाचवला. स्वतःच्या हुशारीवर तो इतका खूश झाला की दोन्ही नोटिसा बोर्डावर लावताना त्याने टाचण्याही सरळ रेषेत टोचल्या.

दुपारी कॅन्टीनमध्ये सहादूकाकांच्या टेबलाभोवती गर्दी.

"काय काका, काय मिळालं?"

"इम्प्रॉपर." विकास सोसायटीचे चेअरमन झाल्यासारखं काकांनी सांगितलं. "लेखी हाय. सहीशिक्क्यानिशी."

"आणि मामांना?"

"त्यांना बारकं हाय कायतरी. सुरुवातीचं." काकांनी ताकाचा ग्लास तोंडाला लावला. "हळूहळू चढत्याल तेबी."

बहिरूमामांनी हातातला घास ताटात ठेवला. ताट तसंच सोडलं, हात धुतला, हाफ डे टाकला आणि सिडकोतल्या खोलीवर न जाता थेट वणीची गाडी धरली.

संध्याकाळी लंकाबाईंचा फोन.

"जावईबापू, नारळ कुणी फोडला?"

"मामांनी."

"माळ कुणी घातली?"

"काकांनी."

"मग मोठा कोण? फोडणारा का माळ घालणारा?"

"अहो आई, तो मान नाहीये, ती शिक्षा—"

"शिक्षा असू द्या नायतर साडी असू द्या. द्यायचं तर मापानं द्यावं. तुमच्या माणसाला मोठा शब्द, आमच्या भावाला लहान. लग्नाआधीच ही तऱ्हा, तर पुढं काय? भाऊ म्हणतो, मी पोरीच्या पाठीशी उभा राहणार नाय. आणि मामा उभा नाय तर अंतरपाट धरायचा नाय. आमच्यात तसं नाय."

दीपकने फोन ठेवला आणि डोकं धरलं. थोड्या वेळाने उज्वलाचा आला. उज्वला म्हसरूळच्या एका क्लासमध्ये गणित शिकवायची. ती चारचौघांत त्याला अहो म्हणायची आणि फोनवर अरे.

"अरे, देऊन टाक ना मामाला एखादा मोठा शब्द. इंग्रजीत काय तोटा आहे का?"

"उज्वला, मोठा दिला तर त्यांची पगारवाढ जाईल."

"आणि नाही दिला तर मी जाईन. आईने त्या ओझरच्या इंजिनिअरचा बायोडेटा परत काढलाय. फ्रिजवर मॅग्नेटने लावलाय. पाणी प्यायला गेलं की तो हसतो माझ्याकडे."

ओझरच्या इंजिनिअरचं हसू दीपकला डोळ्यांपुढे दिसलं. रविवारी त्याने मोटारसायकल काढली आणि वणी गाठली.

मामा पडवीत खाटेवर बसले होते.

"या साहेब," ते म्हणाले. दीपकराव नाही, पोरा नाही. साहेब. पाणी आलं. चहाचं कुणी विचारलं नाही. दीपकला काय ते समजलं.

"मामा, तुमचा गैरसमज झालाय. इनअप्रोप्रिएट म्हणजे गोष्ट वाईट नाही. फक्त जागा चुकली."

"जागा?" मामा ताठ झाले. "कुठं चुकली जागा? बरोब्बर नाकावर बसला. एका घावात दोन भकलं. कुणालाबी इचार."

"तशी जागा नाही म्हणत मी—"

"तो सहादू माळ घालताना स्टुलावरून पडता पडता राह्यला. जागा त्याची चुकली. इनापरो त्याला द्यायचं."

"काकांचा इम्प्रॉपर आहे मामा. म्हणजे नियम मोडला."

"मग नियम कुणी मोडला? गेटाबाहेर फोडा म्हणले, आत कुणी फोडला? मी. सहादूनं काय मोडलं? झेंडूचा देठ?"

मामांचं म्हणणं बरोबर होतं. खरंतर हेच त्याने आधी पाहायला हवं होतं, पण तेव्हा तो जावई होण्यात गुंग होता.

"मला काय लय नको," मामा जरा मऊ झाले. "सहादूच्या वरचा एक द्या. एकच."

"त्याच्या वर अनबिकमिंग आहे. पण पगारवाढ बंद होते त्यात!"

"होऊ दे. पगारवाढ कुणाला दिसती? शब्द बोर्डावर लागतो."

आणि मग चहा आला. आलं घालून.

सोमवारी दीपकने धीर करून पुण्याला फोन लावला. "सर, एक विनंती होती. एका कामगाराला शब्द वाढवून हवाय."

"कमी करून, म्हणायचंय का तुला?"

"नाही सर. वाढवून. तो दुखावलाय. म्हणतो, चूक मोठी आणि शब्द लहान."

यशोधन सरांचा आवाज भरून आला. "दीपक, मी इतकी वर्षं हे करतोय. शब्द इतका मनावर घेणारा माणूस मला आज भेटला. कुठला हवाय त्यांना?"

"अनबिकमिंग."

"अं... इथे अडचण आहे. अनबिकमिंग साध्या फिटरला कसा देणार? पदाला शोभत नाही म्हणायला आधी पद नको? अनबिकमिंग ऑफ ॲन ऑफिसर म्हणतात. अनबिकमिंग ऑफ अ फिटर, असं ऐकलंयस कधी?"

"नाही सर. मग?"

"मग त्यांना आधी पद द्यावं लागेल. मेंटेनन्सला सुपरवायझरची एक जागा रिकामी आहे ना? भाषेपुढे माझा नाइलाज आहे."

अशा रीतीने बहिरूमामा सकाळी सुपरवायझर झाले आणि दुपारी, सुपरवायझरला न शोभणारं वर्तन केल्याबद्दल, त्यांना अनबिकमिंगची नोटीस मिळाली. सुपरवायझरचा पगार मुळात इतका वरचा की वाढ बंद होऊनही हातात जास्तच पडणार होतं. डोक्यावरचं पिवळं हेल्मेट जाऊन पांढरं आलं. मामांनी शॉपभर पेढे वाटले.

"मामा, पेढे बढतीचे का नोटिशीचे?"

"दोन्हीचे. दोन दोन घ्या."

लंकाबाईंनी फ्रिजवरून ओझरचा इंजिनिअर उतरवला. दीपकने लॉन्सवाल्याला उरलेला ॲडव्हान्स पाठवला. एवढ्यात सहादूकाका रुसले.

"पोरगा आपला," ते बोर्डापुढे उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, "एचआर आपला, आणि मोठा शब्द पोरीकडच्यांना! गावाकडं भावकी इचारती मला, सहादू, तुला पुतण्यानं खालचं का बसवलं? काय सांगू त्यांला?" आणि दीपकला गाठून म्हणाले, "भावकीतलं एक माणूस लग्नाला यायचं नाय. ध्यानात ठेव. वरातीत तू, घोडा नि बँडवाले. बास."

त्या दिवशी दीपक मांडववाल्याशी फोनवर भांडत होता. मांडववाला म्हणत होता सोफा लाल आहे, दीपक म्हणत होता सोनेरी ठरला होता.

"मामांच्या वरचा कोणता रं?" काकांनी विचारलं.

"इनडीसेंट," दीपक फोनवर हात ठेवून म्हणाला.

"आणि तो कशानं मिळतो?"

"लाज सोडली की मिळतो, काका. कपडेबिपडे काढले की," असं म्हणून दीपक पुन्हा सोफ्याकडे वळला. सोफा शेवटी लालच आला, पण ती गोष्ट वेगळी.

त्याच आठवड्यात मशीनचा डोळा उघडायला जर्मन इंजिनिअर आला. सोबत पुण्याहून यशोधन सर, सुटाबुटात. त्यांना बहिरूमामांना स्वतः भेटायचं होतं. दीपक दोघांना घेऊन शॉपमध्ये शिरला, आणि जिथे तेलकट भाग धुतात त्या कोपऱ्यापाशी त्याचे पाय थबकले.

होजपाइपखाली सहादूकाका उकिडवे बसले होते. अंगावर पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, बाकी फक्त साबण. डोक्यावर फेसाचा डोंगर, डोळे घट्ट मिटलेले, तोंडाने हर हर गंगे. पावलांचा आवाज ऐकून त्यांना वाटलं, दीपक एकटाच आलाय.

"आला का? बघ आता नीट. बसतंय का तुझ्या शब्दात? का चड्डीबी काढू?"

जर्मन इंजिनिअरने मोबाइल काढून फोटो घेतला आणि अतिशय आदराने विचारलं, हा मशीनच्या पूजेचाच पुढचा भाग आहे का? यशोधन सर खाली बघत होते. त्यांच्या बुटांपर्यंत साबणाचं पाणी आलं होतं.

चौकशी तिथल्या तिथेच झाली. "हे असं करायचं तुम्हाला कुणी सुचवलं?" सरांनी विचारलं.

काका आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते. "आमच्या दीपकनंच सांगितलं. म्हणला कपडे काढा, मोठा शब्द मिळंल."

काकांना इनडीसेंट मिळाला आणि सस्पेन्शनही. ते दिवस त्यांनी लग्नाच्या खरेदीला वापरले. दीपकला सरांनी केबिनमध्ये बोलावलं. शब्द एकच होता, शिडीच्या शेवटचा. "ग्रॉस मिसकंडक्ट, दीपक. दुसरा कुठलाच बसत नाही, मी गाडीत बसून सगळे लावून पाहिले. तुझं लग्न रविवारी ना? सोमवारी सही करतो. एवढं मी करू शकतो."

दीपक घरी पोचायच्या आत बातमी म्हसरूळला, उज्वलाच्या घरी पोचली होती. पण ती घेऊन बहिरूमामा गेले होते.

"जावयाला सगळ्यांत मोठा दिला," मामांनी बहिणीला सांगितलं.

"तुझ्यापेक्षा मोठा?"

"लय मोठा. सहादूच्याबी वरचा. त्याच्यावर शब्दच नाय. इंग्रजी तिथं संपती."

लंकाबाईंनी तिथल्या तिथे गूळ-खोबरं वाटलं. नवरदेव सगळ्यांत वर, खाली दोन्हीकडचे मानकरी, मग मामा-काकांत कुणाचा मोठा हा हिशोब कोण करतो? याहून सरळ मांडणी कुठल्या लग्नात असते? सहादूकाकांचा रुसवा गेला, भावकीने इस्त्रीला कपडे टाकले. या सगळ्याचा अर्थ सोमवारी काय होणार, हे दीपकने फक्त उज्वलाला सांगितलं.

"म्हणजे सोमवारपासून तू घरी."

"हो."

"आईला आज कळलं तर रविवार होणारच नाही. बिननोकरीच्या मुलाला ती दारातलं पाणीसुद्धा देणार नाही. रविवारपर्यंत तोंड उघडू नकोस."

"उज्वला, तुला चालणार असेल तर—"

"मला चालतंय म्हणूनच बोलतेय ना? गप्प बस आणि त्या साहेबाला लग्नाला बोलाव."

"त्यालाच?"

"त्यालाच. पोटभर जेवलेला माणूस सोमवारी जरा सावकाश सही करतो."

रविवारी लॉन्सवर पाय ठेवायला जागा नव्हती. माइकवरचा निवेदक आजी-माजी सरपंचांची नावं घेऊन घेऊन घसा बसवत होता. जर्मन इंजिनिअर वेळेच्या आधीच आला होता. फेटेवाल्याने त्याला जरीकाठी फेटा बांधला, वर हा एवढा तुरा, आणि तो बँडपुढे सहादूकाकांच्या हातात हात घालून असा नाचला की बायका वऱ्हाड सोडून त्यालाच बघू लागल्या.

यशोधन सरांना यायला उशीर झाला. तोवर फेटेवाल्याचं कापड संपलं होतं. सहादूकाकांनी त्यांच्या सुटावर टॉवेल टाकला, डोक्यावर पांढरी टोपी ठेवली, हातात नारळ दिला आणि त्यांना दुसऱ्या रांगेत बसवलं. बरोब्बर जर्मन माणसाच्या मागे. सरांना समोर फक्त तुरा दिसत होता.

दीपक पाटावर उभा राहिला. मुंडावळ्यांमधून त्याने दुसऱ्या रांगेकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती. खुर्चीवर टॉवेल, टॉवेलवर टोपी, टोपीत नारळ.

"रुसलाय," अंतरपाटाच्या पलीकडून बहिरूमामांचा आवाज आला. ते उज्वलाच्या पाठीशी उभे होते, डोक्यावर मामाच्या मानाचा लालभडक फेटा.

"कोण?"

"तुमचा साहेब. अशी सोडून गेलेली खुर्ची मला कळती."

"मुलीचे मामा," गुरुजी म्हणाले, "मुलीच्या पाठीशी—"

"थांबा जरा," मामा म्हणाले आणि स्टेजवरून खाली उडी मारून पार्किंगकडे पळाले. वाटेत त्यांनी सहादूकाकांना दंडाला धरून ओढलं.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. निवेदकाने पुन्हा सरपंचांपासून सुरुवात केली.

"मामा गेला?" उज्वलाने हळूच विचारलं.

"गेले."

"बरं झालं. दुसरं कुणी जाऊन उपयोग नव्हता."

दीपकला दुरून गेटाजवळची पांढरी गाडी दिसत होती. काचा वर, इंजिन चालू. मामांनी काच वाजवली. काच खाली आली नाही. मामा वाकून काहीतरी बोलले, पुन्हा वाजवली. मग त्यांनी जी गोष्ट केली ती बघून दीपकला आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. मामांनी स्वतःच्या डोक्यावरचा फेटा उतरवला आणि दोन्ही हातांत धरून काचेपुढे उभे राहिले. एका शब्दासाठी भाचीचं लग्न टांगून ठेवणारा माणूस. सगळ्या वऱ्हाडासमोर, उघड्या डोक्याने.

गाडीचं दार उघडलं.

पुढचं सगळ्यांनीच पाहिलं. यशोधन सर मामांच्या आणि काकांच्या खांद्यावर बसून मांडवात आले. मामांचा फेटा डोळ्यांवर आलेला, एक बूट वाटेत पडलेला, आणि चेहरा असा खुललेला की पुण्यात कुणी ओळखलं नसतं.

"अरे, खाली ठेवा मला! धिस इज मोस्ट इनअप्रोप्रिएट!"

"इनापरो नाय साहेब," मामा खालून म्हणाले. "ते बारकं असतं. तुमच्यासाठी वरचं बघू कायतरी."

सरांना पहिल्या रांगेत बसवलं. त्यांनी शेजारच्या तुऱ्याकडे एकदा पाहिलं, आपला फेटा हाताने चाचपला आणि पाठ टेकली. बोडकेच मामा उज्वलाच्या पाठीशी येऊन उभे राहिले. लंकाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मंगलाष्टका झाल्या, अक्षता पडल्या, बँड वाजला, आणि दीपकचं लग्न लागलं.

फोटोच्या वेळी सर स्टेजवर आले. त्यांनी दीपकचा हात हातात घेतला.

"मी खाली बसून विचार केला. ग्रॉस मिसकंडक्ट तुला बसत नाही. ग्रॉसला हेतू लागतो. तुझ्याकडे हेतू नव्हता, फक्त अक्कल नव्हती. त्याला एरर ऑफ जजमेंट म्हणतात. तो शिडीच्या पहिल्या पायरीच्याही खाली, नुसतं तोंडी समजावून सोडू. मंगळवारी ये कामावर."

दीपक पाया पडायला इतक्या घाईने वाकला की मुंडावळ्या सरांच्या घड्याळात अडकल्या. उज्वलाने शालूच्या आडून त्याला असा चिमटा काढला की त्याला तो आनंदाचाच आहे हे समजलं.

शेजारी लंकाबाई आहेराची शाल घेऊन उभ्या होत्या. त्यांनी भावाला कोपराने ढोसलं. "काय म्हणत्यात साहेब?"

"जावयाचा शब्द बदलला."

"वाढवला?"

बहिरूमामा कधी बहिणीशी खोटं बोलले नव्हते. "कमी केला. लय कमी. माझ्या पहिल्या बारक्याच्याबी खाली."

लंकाबाईंच्या हातातली शाल जागच्या जागी थांबली. "भर मांडवात?" त्या म्हणाल्या. "एवढ्या माणसांत? अक्षता पडल्या नाय तोवर?"

"अहो आई, ते चांगलं आहे, त्याने माझी नोकरी—"

"तुम्ही गप बसा जावईबापू. नवरदेवानं बोलायचं नसतं." त्यांनी पदर खोचला आणि यशोधन सरांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "साहेब, फेटा द्या आमच्या भावाचा."

फोटोग्राफर म्हणाला, सगळे हसा. कुणी हसलं नाही. सरांनी दोन्ही हातांनी फेटा घट्ट धरला, पलीकडे जर्मन माणसाच्या तुऱ्याकडे पाहिलं, आणि मग दीपकच्या कानाशी लागून हळूच म्हणाले, "पगार तोच ठेवून शब्द वाढवता येतो का, बघ ना जरा नियमावलीत."